दान आणि आदान : अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या देणगीचा अर्थविचार

१

अमेरिकेत पुष्कळ वर्षे स्थायिक असलेल्या आमच्या एका आप्ताने अलीकडे आपली जुनी मोटार एका धर्मादाय संस्थेस दिली. तिकडे ज्यांना ‘फुल-साइज एसयूव्ही’ म्हणतात त्या वर्गातली ही मोटार होती. तीत आठ माणसे बसत. मुले लहान असताना ती घेतली होती, आणि मुले शिक्षणासाठी दूर गेल्यावर ती घरापुढे नुसती उभी होती. संस्थेने नेमलेली माणसे येऊन ती ओढून घेऊन गेली. पुढे काही आठवड्यांनी लिलावात ती साडेसहाशे डॉलरांस विकली गेल्याचा एक छापील कागद टपालाने आला. या गृहस्थांच्या मातोश्री साताऱ्यास असतात. ‘गाडी दान केली’ असे त्यांना दूरध्वनीवरून सांगताच त्यांनी साहजिकच विचारले, “कुणाला दिलीस?” या साध्या प्रश्नाचे उत्तर आपणांस देता आले नाही, असे आप्ताने प्रस्तुत लेखकास लिहिले आणि पुढे पृच्छा केली : ‘दिली’ म्हणावे तर ती कोणाच्या वापरात गेली नाही, ‘विकली’ म्हणावे तर पैसा माझ्या हाती आला नाही, ‘टाकली’ म्हणावे तर तिची पावती आली. मग मराठीत या व्यवहाराला म्हणावे तरी काय?

प्रश्न वरवर पाहता केवळ शब्दाचा आहे. परंतु त्याचा शोध घेऊ लागल्यावर असे दिसून आले की, अमेरिकेच्या विधिमंडळालाही नेमका हाच प्रश्न पडला होता आणि २००४ साली त्याचे उत्तर त्याला कायद्याच्या भाषेत द्यावे लागले होते. देणाऱ्याने काय दिले, हे देणाऱ्याच्या हातून काय सुटले यावरून ठरवावयाचे की घेणाऱ्याच्या हाती काय पडले यावरून? संस्कृतात ‘दा’ या धातूपासून ‘दान’ होते आणि त्याच धातूला ‘आ’ हा उपसर्ग लागला की ‘आदान’ म्हणजे घेणे होते. धातू एक, दिशा दोन. प्रस्तुत लेखात या दोन दिशांमधील अंतर एका अगदी व्यावहारिक उदाहरणावरून पाहावयाचे आहे. ‘अर्थविचार’ हा शब्द येथे शब्दार्थ आणि द्रव्य या दोन्ही अर्थांनी घ्यावा लागेल.

२

प्रथम वस्तूचा परिचय करून घेणे इष्ट होय. आपल्याकडे ‘एसयूव्ही’ हे नाव आता बऱ्याच लहान मोटारींनाही लावले जाते. त्यामुळे अमेरिकेतील पूर्णाकार वाहनाची कल्पना त्या शब्दावरून येत नाही. शेव्हरोले कंपनीचे ‘सबर्बन’ हे या वर्गातील सर्वांत जुने नाव. ते १९३५ च्या मालिकेत प्रथम आले, आणि मालवाहू गाडीच्या सांगाड्यावर आठ माणसांची बैठक बसवावी ही त्यामागील कल्पना होती. पुढे १९९० नंतरच्या दशकात आणि त्याच्या आगेमागे फोर्डची ‘एक्स्पिडिशन’, टोयोटाची ‘सेक्वोया’ इत्यादी वाहने याच वर्गात आली. सबर्बनची लांबी साडेपाच मीटरांहून अधिक आणि वजन सुमारे अडीच टन असते, म्हणजे आपल्या परिचयाच्या मारुती ८०० च्या जवळजवळ चौपट. जुन्या सबर्बनला शहरात एका गॅलनला चौदा-पंधरा मैलांच्या आसपास पल्ला मिळतो.

हे वाहन जुने झाले म्हणजे त्याची स्थिती चमत्कारिक होते. ते चालते आहे तोवर मोठ्या कुटुंबाला किंवा ओझी वाहणाऱ्याला ते फार उपयोगी असते. परंतु गतिपेटी निकामी झाली की दुरुस्तीचा खर्च वाहनाच्या किमतीपेक्षा अधिक होतो, आणि मग ते एका दिवसात वाहन या कोटीतून धातूच्या कोटीत जाते. त्या कोटीतही त्याला किंमत असतेच. पोलाद असते, ॲल्युमिनियम असते, आणि धुराड्याच्या मार्गात बसविलेल्या उत्प्रेरक पेटीत प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अंश असतो. अमेरिकेतील रस्त्यांवरच्या हलक्या वाहनांचे सरासरी वय २०२४ साली १२.६ वर्षांवर गेले होते. अर्थात अशा उतारवयातील वाहनांचे करावयाचे काय, हा प्रश्न तेथे लाखो घरांपुढे दर वर्षी येत असतो.

त्यावर एक उत्तर म्हणजे वाहनाची देणगी. देणाराने संस्थेला कळवावयाचे. ओढगाडी विनामूल्य येते. देणारा मालकीपत्रावर सही करून किल्ल्या देतो. वाहनावर कर्जाचा बोजा असल्यास तो आधी उतरवून घ्यावा लागतो. यापुढचे काम बहुधा संस्था स्वतः करीत नाही. लहानशा वाचनालयाला अथवा आकाशवाणी केंद्राला मोटारी ठेवण्यास जागा नसते आणि लिलाव करण्याचे ज्ञानही नसते. म्हणून ती हे काम एखाद्या मध्यस्थाकडे सोपविते. असा मध्यस्थ संस्थेचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून वागत असेल तर त्याच्या हाती दिलेले वाहन हे संस्थेलाच दिल्यासारखे आहे, असा निर्णय तेथील प्राप्तिकर खात्याने, म्हणजे इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिसने, २००२ साली दिला. मध्यस्थ वाहन लिलावात विकतो, ओढण्याचा, जाहिरातीचा व विक्रीचा खर्च वजा करतो, स्वतःचा हिस्सा घेतो, आणि उरलेली रक्कम संस्थेला पाठवितो. ‘कुणाला दिलीस?’ या प्रश्नाला उत्तर का सापडत नाही, ते एवढ्यावरून ध्यानात येईल. दाता आणि प्रतिग्रहीता यांच्या दरम्यान ओढगाडीवाला, मध्यस्थ, लिलावदार आणि अज्ञात खरेदीदार असे चौघे जण उभे असतात.

३

आता कराची बाजू. धर्मादाय संस्थांना दिलेली देणगी करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सवलत अमेरिकेत १९१७ च्या युद्ध-महसूल कायद्याने आली. ही सवलत केवळ रोख पैशापुरती नाही. वस्तू दिली तर वस्तूचा वाजवी बाजारभाव वजा करता येतो, असे सामान्य तत्त्व आहे. आपल्याकडे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०-जी ने ही सवलत केवळ पैशाच्या रूपातील देणगीलाच ठेवली होती, वस्तुरूप देणगीला ती नव्हती. म्हणून मोटार देऊन कर वाचविण्याची कल्पना मराठी वाचकाला अपरिचित वाटते.

‘वाजवी बाजारभाव’ या शब्दप्रयोगातच अडचणीचे मूळ होते. बाजारभाव म्हणजे राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा, दोघांनाही वस्तूची माहिती असताना, ज्या किमतीस सौदा करतील ती किंमत. परंतु २००४ पर्यंत ही किंमत ठरवीत असे तो देणारा. तो दरपुस्तिका उघडी, आपल्या मोटारीचे वर्ष व नमुना शोधी, आणि ‘सुस्थितीत’ या रकान्याखाली जो आकडा असेल तो विवरणपत्रात लिही. पुस्तिकेतील मोटार सुस्थितीतली असे. दारातली मोटार तशी असेच असे नाही. वाहन एक, पण त्याचे नाव घेताच डोळ्यांपुढे येणारी वस्तू मात्र दुसरीच.

तत्कालीन जनरल अकाउंटिंग ऑफिस या सरकारी तपासणी संस्थेने नोव्हेंबर २००३ मध्ये या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील अंदाजानुसार २००० या करवर्षात सुमारे ७,३३,००० विवरणपत्रांत वाहनदानाची वजावट मागितली होती, आणि त्यामुळे करात सुमारे ६५ कोटी ४० लक्ष डॉलरांची घट झाली होती. तपासनिसांनी ५४ वाहनांचा देणाऱ्यापासून संस्थेपर्यंत माग काढला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश वाहनांच्या बाबतीत देणाऱ्याने जे मूल्य सांगितले होते त्याच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली होती. त्यातील एक उदाहरण पुढे वारंवार सांगितले गेले. १९८३ सालचा एक जुना ट्रक लिलावात ३७५ डॉलरांस विकला गेला. खर्च वजा जाता ६३ डॉलर उरले. करारानुसार त्यातील अर्धे मध्यस्थाने घेतले, आणि संस्थेला साडेएकतीस डॉलर मिळाले. देणाऱ्याने वजावट मागितली होती २,४०० डॉलरांची.

या उदाहरणात खोटे कोण बोलले, असा प्रश्न विचारला तर उत्तर सोपे नाही. देणाऱ्याने पुस्तिकेतला आकडा लिहिला. लिलावदाराने आलेली बोली घेतली. मध्यस्थाने करारातील हिस्सा घेतला. एकाच ट्रकाचे २,४००, ३७५ आणि साडेएकतीस असे तीन आकडे झाले. शब्दशास्त्राच्या दृष्टीने पाहता ‘किंमत’ या एका शब्दाखाली तीन वेगळे अर्थ नांदत होते : देणाऱ्याच्या मनातील, बाजारातील आणि घेणाऱ्याच्या पेटीतील.

४

यावर उपाय म्हणून २२ ऑक्टोबर २००४ रोजी अध्यक्षांच्या सहीने अमलात आलेल्या अमेरिकन जॉब्स क्रिएशन ॲक्ट या कायद्यात एक कलम घालण्यात आले. १ जानेवारी २००५ पासूनच्या देणग्यांना ते लागू झाले. त्याचे सार असे : मागितलेले मूल्य ५०० डॉलरांहून अधिक असेल आणि संस्थेने वाहन वापरल्याविना अथवा त्यात महत्त्वाची सुधारणा केल्याविना विकले असेल, तर देणाऱ्याला विक्रीतून आलेल्या एकूण रकमेएवढीच वजावट मिळेल. संस्थेने विक्रीनंतर ३० दिवसांच्या आत विक्रीची रक्कम नमूद केलेली लेखी पोच द्यावयाची. या पोचेसाठी १०९८-सी या क्रमांकाचा नमुना आहे. आमच्या आप्तास टपालाने आला तो हाच कागद.

या कलमाने केलेला बदल बारकाईने पाहण्याजोगा आहे. पूर्वी देणारा स्वतःच्या दानाचे मोजमाप स्वतः करी. आता ते मोजमाप दुसऱ्या टोकाकडून पत्राने येते. मापाची जागा दानाकडून आदानाकडे सरकली. ‘मी चार हजारांची मोटार दिली’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार बोलणाऱ्याकडून काढून घेऊन ‘आम्हांस साडेसहाशेची मोटार मिळाली’ हे ऐकणाऱ्याचे वाक्य ग्राह्य मानले गेले.

परंतु कायद्याने वाजवी बाजारभाव अजिबात रद्द केला नाही. तीन प्रसंगी तो कायम ठेवला आहे, आणि अर्थविचाराच्या दृष्टीने हे अपवाद नियमाहून अधिक उद्बोधक आहेत. पहिला प्रसंग, संस्था वाहन स्वतःच्या कार्यात खरोखर वापरते तेव्हाचा. उदाहरणार्थ, वर्षभर रोज गरजूंच्या घरी त्यातून अन्न पोचविणे. एखाददुसरी फेरी पुरत नाही. दुसरा, संस्था वाहनात मोठी दुरुस्ती करून त्याचे मूल्य वाढविते तेव्हाचा. धुणे, पुसणे, रंग देणे ही सुधारणा मानली जात नाही. तिसरा, संस्था ते वाहन गरजू व्यक्तीला विनामूल्य अथवा बाजारभावाहून बऱ्याच कमी किमतीस देते आणि वाहतुकीच्या साधनावाचून अडलेल्यांना साहाय्य करणे हे त्या संस्थेचे कार्यच असते तेव्हाचा. तिन्ही प्रसंगांत समान असलेली गोष्ट एवढीच की, वाहन वाहनच राहते. जोवर दिलेली वस्तू त्याच वस्तूच्या रूपाने पोचते, तोवर तिचे वस्तू म्हणून असलेले मूल्य मान्य आहे. वाटेत तिचा पैसा झाला, तर जेवढा पैसा झाला तेवढेच दान.

म्हणजे व्यवहारात ‘मोटार दान करणे’ या एका क्रियापदाखाली तीन क्रिया आहेत. वाहन वाहन म्हणून देणे, ही पहिली. वाहन विकून त्याचा पैसा देणे, ही दुसरी. आणि वाहन मोडीत काढून मोडीचे पैसे देणे, ही तिसरी. वाहन लिलावात ५०० डॉलरांस किंवा त्याहून कमी किमतीस गेले तर देणाऱ्याला ५०० डॉलर किंवा वाजवी बाजारभाव यांपैकी जी कमी असेल ती रक्कम वजा करता येते. तिसऱ्या प्रकारची बरीच वाहने या मर्यादेखाली येतात.

येथे कायद्याची एक उणीव दाखविणे अवश्य आहे. त्याने प्रमाण मानली आहे ती विक्रीची एकूण रक्कम, संस्थेला मिळालेली निव्वळ रक्कम नव्हे. वर उल्लेखिलेला ट्रक आज दिला तरी पोचेवर ३७५ हाच आकडा येईल. साडेएकतीस हा आकडा देणाऱ्याला दिसणार नाही. किंबहुना ५०० डॉलरांच्या नियमामुळे, वाजवी भाव तेवढा असल्यास, त्याला ३७५ हून अधिक वजावटही मिळू शकेल. सारांश, कायदा देणाऱ्याच्या मनातून निघाला आणि लिलावगृहाच्या दारापर्यंत येऊन थांबला. घेणाऱ्याच्या पेटीपर्यंतचे उरलेले अंतर देणाऱ्याने स्वतः प्रश्न विचारूनच चालावयाचे आहे.

५

आता आजच्या परिस्थितीत देणाऱ्याला कराचा लाभ कितपत होतो, ते पाहू. अमेरिकेत करदात्यापुढे दोन मार्ग असतात : सर्वांसाठी ठरलेली प्रमाणित वजावट घेणे, किंवा एकेक बाब दाखवून तपशीलवार वजावट घेणे. वाहनाची देणगी दुसऱ्या मार्गानेच दाखविता येते. २०१७ च्या कायद्याने संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्याची प्रमाणित वजावट १२,७०० डॉलरांवरून २०१८ साठी २४,००० डॉलर झाली; २०२५ या करवर्षासाठी ती ३१,५०० डॉलर होती. त्यामुळे सुमारे दहांतले नऊ करदाते पहिला मार्ग घेतात, आणि त्यांना मोटार दिल्याने करात काहीही सवलत मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने २०२६ पासून प्रमाणित वजावट घेणाऱ्यांनाही देणगीची काही सवलत दिली आहे. एकट्या व्यक्तीस १,००० आणि दांपत्यास २,००० डॉलरांपर्यंत. परंतु ती केवळ रोख देणगीस आहे. मोटार तीत बसत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका दांपत्याची आठ आसनी मोटार खाजगी रीतीने विकली तर ३,००० डॉलरांस जाईल, आणि संस्थेमार्फत लिलावात १,८०० डॉलरांस. मध्यस्थाचा हिस्सा खर्चासह शेकडा ३० आहे असे धरू. लिलावाच्या मार्गाने संस्थेला १,२६० डॉलर मिळतील. दांपत्य तपशीलवार वजावट घेत असेल आणि त्याचा कराचा दर २२ टक्के असेल, तर इतर मर्यादा बाजूस ठेवता त्याचा कर ३९६ डॉलरांनी कमी होईल. प्रमाणित वजावट घेत असेल तर काहीच कमी होणार नाही. याउलट त्याने मोटार स्वतः विकून ते ३,००० डॉलर संस्थेस रोख दिले, तर संस्थेला पूर्ण ३,००० मिळतील. तपशीलवार वजावट घेणाऱ्याचा कर ६६० डॉलरांनी कमी होईल, आणि २०२६ पासून प्रमाणित वजावट घेणाऱ्याचाही ४४० डॉलरांपर्यंत कमी होऊ शकेल. मोटार दोन्ही वेळा घरातून गेलीच. एका मार्गाने संस्थेच्या पदरात दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी पडले.

मात्र यावरून लिलावाचा मार्ग त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे न्याय्य होणार नाही. स्वतः विकण्यास वेळ लागतो, अनोळखी माणसांशी घासाघीस करावी लागते, आणि न चालणारे अडीच टनांचे वाहन घ्यावयास कोणी येतही नाही. अशा वाहनाला विनामूल्य ओढगाडी मिळणे ही देणाऱ्याची खरी सोय आहे, आणि संस्थेलाही जे शून्य मिळाले असते त्याऐवजी काहीतरी मिळते. आक्षेप आहे तो केवळ दोन मार्गांना एकच नाव देण्यास.

वाहन वाहन म्हणून देणाऱ्या संस्थाही आहेत. व्हरमाँट राज्यात १९९६ साली सुरू झालेले ‘गुड न्यूज गराज’ आणि मेरीलँडमध्ये १९९९ साली स्थापन झालेली ‘व्हेइकल्स फॉर चेंज’ या संस्था दान आलेल्या मोटारी दुरुस्त करून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना पुरवीत आल्या आहेत. जेथे सार्वजनिक वाहतूक नाही तेथे मोटार नसणे म्हणजे नोकरी नसणे होय, हे त्यांच्या कार्यामागील सूत्र. परंतु पूर्णाकार वाहनाच्या बाबतीत येथेही विचार करावा लागतो. वर्षाला दहा हजार मैल चालणाऱ्या माणसाला गॅलनला १५ मैल देणाऱ्या गाडीस सुमारे ६६७ गॅलन इंधन लागेल. ३० मैल देणाऱ्या लहान मोटारीस ३३३ पुरतील. शिवाय मोठे टायर, मोठे ब्रेक आणि जुन्या यंत्राची दुरुस्ती. एकट्या नोकरदार मातेला असे वाहन देणे म्हणजे तिच्या अंगावर दरमहाचा खर्च टाकणे होय. तेच वाहन सहा मुलांच्या कुटुंबाला, किंवा वृद्धांना दवाखान्यात नेणाऱ्या अथवा अन्नधान्य वाटणाऱ्या संस्थेला, नेमके हवे असू शकते. देय वस्तू योग्य की अयोग्य, हे घेणाऱ्याकडे पाहिल्यावाचून ठरत नाही.

६

ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. कठोपनिषदाच्या आरंभी वाजश्रवसाच्या यज्ञाचा प्रसंग आहे. त्याने दक्षिणेत दिलेल्या गाई आता पाणी पिण्याच्या, गवत खाण्याच्या व दूध देण्याच्या पलीकडे गेलेल्या होत्या, आणि ते पाहून बालक नचिकेताच्या मनात शंका उभी राहिली. त्या गाई मोजण्यात चूक नव्हती. संख्येने त्या पुऱ्याच होत्या. परंतु देणाऱ्याच्या गणनेतली ‘गाय’ आणि घेणाऱ्याच्या गोठ्यातली ‘गाय’ या दोन वस्तू होत्या. पुस्तिकेतली सुस्थितीतील मोटार आणि लिलावातली मोटार यांचे नातेही असेच आहे.

व्याकरणपरंपरेनेही याचा विचार केला आहे. पाणिनीच्या मते कर्त्याला कर्माच्या द्वारा ज्याच्याशी संबंध साधावयाचा असतो तो संप्रदान. दानात देणाऱ्याचे स्वत्व संपून दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न झाले पाहिजे, असे पुढील शास्त्रकार म्हणतात. म्हणून धोब्याला कपडे देणे हे खरे संप्रदान नव्हे, आणि संस्कृतात तेथे षष्ठी येते. मराठीत मात्र ‘धोब्याला कपडे दिले’ आणि ‘ब्राह्मणाला गाय दिली’ या दोहोंत ‘ला’ हा एकच प्रत्यय आहे. फरक प्रत्ययात दिसत नाही म्हणून तो प्रश्नाने शोधावा लागतो, आणि साताऱ्याच्या मातोश्रींनी तो विचारला होता.

स्वत्वनिवृत्तीची अट अमेरिकेतही कागदोपत्री पाळावी लागते. कॅलिफोर्नियात हस्तांतरानंतर ५ दिवसांच्या आत वाहन-नोंदणी खात्यास तशी सूचना द्यावी लागते. न्यूयॉर्कमध्ये क्रमांकाच्या पट्ट्या काढून घ्याव्या लागतात. यात कुचराई झाली तर वाहन गेल्यावरही त्याचे दंड जुन्या मालकाच्या नावाने येत राहतात. गाडी गेली, पण व्याकरणदृष्ट्या ती अजून ‘धोब्याकडे’च आहे, अशी ही अवस्था होय.

मराठीने या अर्थच्छटा क्रियापदांच्या जोडणीत जपल्या आहेत. ‘देऊन टाकणे’ आणि ‘टाकून देणे’ यांत शब्द तेच, क्रम उलटा. अशा जोडीत मुख्य अर्थ पहिल्या पदाचा असतो आणि दुसरे पद त्या क्रियेला कल देते. ‘देऊन टाकले’ म्हणजे दिलेच, पण मागे न पाहता, मोकळे होऊन. ‘टाकून दिले’ म्हणजे टाकलेच, केवळ आपल्यापासून दूर केले. पहिल्यात घेणारा गृहीत आहे : ‘भाच्याला सायकल देऊन टाकली’. दुसऱ्यात घेणाऱ्याची गरजच नाही : ‘भाच्याला सायकल टाकून दिली’ असे कोणी म्हणत नाही. बहुतेक मोटारदाने या दोन प्रयोगांच्या मध्ये कोठेतरी पडतात. कोणते दान कोणत्या बाजूस झुकते ते एकाच कसोटीवर ठरते : वाक्यात ‘कुणाला’ याची जागा भरता येते की नाही.

यावरून देणाऱ्याने आधी विचारावयाचे प्रश्न सहज निघतात. संस्था कायद्याने मान्य झालेली धर्मादाय संस्था आहे काय? ती वाहन वापरणार, गरजूस देणार की विकणार? विकणार असल्यास विक्रीच्या रकमेतून खर्च वजा जाता तिच्या पदरी शेकडा किती पडते? मध्यस्थाचा मोबदला ठरावीक आहे की हिश्शाचा? आणि माझे हे विशिष्ट वाहन, त्याच्या इंधनाच्या भुकेसह, ज्याच्याकडे जाईल त्याला ते उपकारक होईल की भाररूप? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर लिलावाचा मार्ग पत्करला तरी त्यात कमीपणा नाही. मग तो जाणून पत्करलेला असतो.

आमच्या आप्तास त्यांच्या पृच्छेचे उत्तर धाडताना प्रस्तुत लेखकाने सुचविले की, ‘दान’ हा शब्द येथे खोटा नाही, पण अपुरा आहे. ज्या पिढीने जुनी तांब्यापितळेची भांडी मोडीत घातली आहेत तिला हा व्यवहार समजावयास कठीण नाही. मातोश्रींना एवढेच सांगावे : ‘गाडी मोडीत काढली, आणि मोडीचे जे पैसे आले ते संस्थेला देऊन टाकले.’ वाक्य थोडे लांब आहे. परंतु त्यात काय दिले ते आहे, किती दिले ते विचारता येते, आणि ‘कुणाला’ या प्रश्नाचे उत्तरही आहे.